आजार व अपंगत्व लाभ, भारतातील

आजार, अपघात किंवा व्यवसायजन्य रोग यांमुळे काम करण्यास असमर्थ ठरलेल्या व्यक्तीस शासनाकडून अथवा शासनाने कायद्यान्वये स्थापन केलेल्या विमानिधीतून जे रोख साहाय्य मिळते, त्यास आजार-लाभ किंवा अपंगत्व-लाभ असे म्हणतात. आजार-लाभ तात्पुरत्या असमर्थतेसाठी आणि अपंगत्व-लाभ दीर्घकालीन अथवा कायमच्या असमर्थतेसाठी असतो, असा भेद सामान्यतः केला जातो. प्रत्यक्षात ही सीमारेषा पुसट असते. क्षयाने अंथरुणाला खिळलेला कामगार सहा महिन्यांनी कामावर परतेल की कधीच परतणार नाही, हे पहिल्या दाखल्याच्या दिवशी कोणासही सांगता येत नाही. कायद्याला मात्र त्याच दिवशी त्याची कोणत्या तरी एका वर्गात गणना करावी लागते. या लाभांच्या इतिहासातील बहुतेक वाद या अडचणीतून उद्भवले आहेत. दुसरी अडचण अर्जदाराच्या स्थितीविषयीची आहे. जमिनीचा वा परवान्याचा अर्ज करणारा मनुष्य हिंडता-फिरता असतो. आजार-लाभाचा अर्जदार मात्र अर्ज करावयाच्या वेळीच सर्वांत दुर्बळ असतो, आणि आपल्या दुर्बलतेचा पुरावा त्याला स्वतःच गोळा करावा लागतो.

सक्तीच्या आजारविम्याचा पहिला राष्ट्रीय कायदा जर्मनीत बिस्मार्कच्या कारकीर्दीत १८८३ साली झाला. त्यानंतर तेथे १८८४ मध्ये अपघातविमा व १८८९ मध्ये वार्धक्य व अपंगत्व विमा आला. ब्रिटनने १९११ च्या राष्ट्रीय विमा अधिनियमाने हे तत्त्व स्वीकारले. हिंदुस्थानात मात्र आजारी कामगाराची जबाबदारी दीर्घ काळ त्याच्या गावाकडच्या घरावर होती. मुंबईच्या कापडगिरण्यांतील बहुसंख्य कामगार रत्नागिरी, सातारा इ. जिल्ह्यांतून आलेले होते. आजार बळावला, की गिरणीतील खाडे वाढत, पगार बुडे, किराणा दुकानदाराची उधारी आणि सावकाराचे देणे फुगत जाई आणि अखेरीस आजारी माणूस बोटीने वा गाडीने गावी परते. गावी गेलेला कामगार गिरणीच्या हजेरीपटावरून नाहीसा होई. त्याच्या आजाराची नोंद कोठेच राहत नसल्याने औद्योगिक आजारपणाचे खरे प्रमाण मालकांना, शासनाला व पुष्कळदा कामगार पुढाऱ्यांनाही दिसत नसे. ग्रामीण कुटुंब हाच कामगारांचा विमा होय, असे प्रतिपादन त्या काळी मालकवर्गाकडून केले जाई. त्यात तथ्यांश होता. परंतु या विम्याचा हप्ता शेतावर राबणाऱ्या स्त्रिया व वृद्ध माणसे भरीत होती, याचा त्यात विसर पडलेला दिसतो.

कामगार भरपाई अधिनियम, १९२३ : हा या क्षेत्रातील पहिला महत्त्वाचा कायदा. तो १ जुलै १९२४ पासून अंमलात आला. कामाच्या ओघात व कामामुळे झालेल्या इजेबद्दल मालकाने भरपाई दिली पाहिजे, मग त्यात मालकाचा दोष असो वा नसो, हे तत्त्व त्याने प्रस्थापित केले. पूर्वी कामगाराला मालकाचा निष्काळजीपणा न्यायालयात सिद्ध करावा लागे, आणि ते जवळजवळ अशक्यच असे. कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात निरनिराळ्या अवयवांच्या हानीमुळे कमाईची शक्ती किती टक्के घटते, याचे कोष्टक दिलेले होते. आज प्रचलित असलेल्या कोष्टकानुसार हाताचा अंगठा गेल्यास ही घट ३० टक्के, तर संपूर्ण तर्जनी गेल्यास १४ टक्के मानली जाते. शरीराच्या अशा टक्केवारीची कल्पना पुढे भारतातील प्रत्येक अपंगत्व-कायद्यात शिरली. हिशोबाच्या दृष्टीने ती सोयीची असली, तरी विणकराची तर्जनी आणि रखवालदाराची तर्जनी यांत ती भेद करीत नाही.

या अधिनियमाच्या दोन मर्यादा लवकरच स्पष्ट झाल्या. एक म्हणजे, भरपाई मुख्यतः एकरकमी असे, त्यामुळे ती रक्कम बहुधा जुनी देणी फेडण्यातच संपे. दुसरी मर्यादा अधिक मूलगामी होती : हा कायदा अपघाताचा होता, आजाराचा नव्हता. व्यवसायजन्य रोगांच्या परिशिष्टात आरंभी आंथ्रॅक्स, शिशाची विषबाधा, फॉस्फरसची विषबाधा अशा मोजक्याच रोगांचा समावेश होता. शिवाय किरकोळ इजा वगळण्यासाठी प्रतीक्षाकाल ठेवण्यात आला. तो मूळ कायद्यात दहा दिवसांचा होता. १९३३ मध्ये तो सात व १९५९ मध्ये तीन दिवसांवर आणण्यात आला. रोजंदारीवरील कुटुंबाच्या दृष्टीने हे दिवस किरकोळ नव्हते.

आजारविम्याच्या मागणीचा शासकीय पातळीवर गांभीर्याने विचार झाला, तो जे. एच्. व्हिट्‌ली यांच्या अध्यक्षतेखाली १९२९ मध्ये नेमलेल्या शाही श्रम आयोगात. ना. म. जोशी हे या आयोगाचे एक सदस्य होते. आयोगाचा अहवाल १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. कामगारांच्या कर्जबाजारीपणात आजाराचा मोठा वाटा असल्याचे तोवर सर्वमान्य झाले होते. तथापि आजाराची विश्वसनीय आकडेवारी नाही, या कारणास्तव विम्याचा प्रश्न लांबणीवर पडत गेला. आजारी कामगार गावी जात असल्याने आकडेवारी नाही, आणि आकडेवारी नाही म्हणून त्याला शहरात राहून उपचार घेता येतील अशी योजना नाही, असे हे चक्र होते. ते भेदण्यास दुसरे महायुद्ध यावे लागले. युद्धकाळात औद्योगिक उत्पादन अखंड चालू राहणे शासनाच्या हिताचे होते, आणि इंग्लंडमधील बेव्हरिज अहवालामुळे (१९४२) सामाजिक सुरक्षेची कल्पना सर्वतोमुखी झाली होती [→ सामाजिक सुरक्षा].

मार्च १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांची औद्योगिक कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना तयार करण्यासाठी नेमणूक झाली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. आडारकरांनी ऑगस्ट १९४४ मध्ये अहवाल सादर केला. त्यांची योजना कापड, अभियांत्रिकी आणि खनिजे व धातू या तीन उद्योगगटांपुरती होती. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे तज्ञ मॉरिस स्टॅक व रघुनाथ राव यांनी १९४५ मध्ये तिचे परीक्षण केले. प्रसूति-लाभ व कामगार भरपाई यांचाही तीत अंतर्भाव करावा आणि बारमाही कारखान्यांतील सर्वच कामगारांना ती लागू करावी, असे त्यांनी सुचविले. वैद्यकीय सेवेचे प्रशासन आणि रोख लाभांचे प्रशासन एकमेकांपासून अलग ठेवावे, ही त्यांची आणखी एक सूचना. तिचे दूरगामी परिणाम झाले. रोख लाभ महामंडळाने द्यावेत व दवाखाने राज्य शासनांनी चालवावेत, ही विभागणी तेव्हापासून रूढ झाली. परिणामी आजारी माणसाला औषध एका खात्याकडून व पैसे दुसऱ्या खात्याकडून मिळू लागले, आणि या दोन खात्यांमधील निरोप्याचे काम पुष्कळदा त्याच्याकडेच किंवा त्याच्या पत्नीकडे आले.

कर्मचारी राज्य विमा अधिनियम १९ एप्रिल १९४८ रोजी संमत झाला. वर्षभरात संविधान सभेने बेकारी, वार्धक्य, आजार व अपंगत्व या प्रसंगी सार्वजनिक साहाय्य मिळण्याच्या हक्काची तरतूद मार्गदर्शक तत्त्वांत केली (अनुच्छेद ४१). या कायद्याने त्या तत्त्वाला आधीच एक मर्यादित रूप दिले होते. प्रारंभी तो शक्तीचा वापर करणाऱ्या, वीस किंवा अधिक कामगार असलेल्या बारमाही कारखान्यांतील, दरमहा ४०० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगारांस लागू होता. अंमलबजावणीस मात्र चार वर्षे लागली. ज्या शहरात योजना प्रथम सुरू होईल, तेथील मालकांचा उत्पादनखर्च इतरांपेक्षा वाढेल, ही तक्रार हे विलंबाचे एक कारण होते. १९५१ च्या दुरुस्तीने देशभरातील सर्व पात्र मालकांकडून विशेष अंशदान घेण्याची तरतूद करून हा प्रश्न सोडविण्यात आला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर येथे जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते योजनेचे उद्‌घाटन झाले. दिल्लीतही ती त्याच दिवशी सुरू झाली. या दोन केंद्रांत मिळून सु. १,२०,००० कामगार होते. नागपूर व मुंबई येथे ती १९५४ मध्ये सुरू झाली.

आजार-लाभ मिळविण्याची रीत : मुंबईत सरकारी दवाखान्यांऐवजी ‘पॅनेल’ पद्धती स्वीकारण्यात आली. खाजगी व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांची नावे सूचीत घेण्यात येत. कामगाराने त्यांपैकी एकाची निवड करावयाची आणि डॉक्टरला त्याच्याकडे नोंदलेल्या माणसांच्या संख्येनुसार मोबदला मिळावयाचा, अशी ही व्यवस्था होती. गिरणगावातील चाळींच्या तळमजल्यावरील दवाखान्यांवर अशा डॉक्टरांच्या पाट्या झळकू लागल्या. कामगाराचा आजार आता घरगुती बाब न राहता दाखल्याची बाब झाला. डॉक्टरने पहिला दाखला द्यावयाचा, आजार लांबल्यास मधले दाखले आणि बरे झाल्यावर अखेरचा दाखला. हे दाखले व मागणीपत्र महामंडळाच्या स्थानिक कार्यालयात सादर झाले, म्हणजे रोख रक्कम मिळे. मूळ योजनेत हा लाभ मजुरीच्या साधारणपणे निम्मा व वर्षातून ५६ दिवस असे. पुढे ही मुदत ९१ दिवस आणि प्रमाण मजुरीच्या ७० टक्के करण्यात आले. आजाराचे पहिले दोन दिवस लाभाविना जात. मात्र पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजार उद्भवल्यास हे दोन दिवस गाळले जात नसत.

डॉक्टरची अवस्था या पद्धतीत अवघड होती. तो रुग्णाचा वैद्य होता, निधीचा राखणदारही होता, आणि रुग्णाने दुसऱ्या डॉक्टरकडे नाव वळविले तर त्याचे उत्पन्न घटणार होते. सैल हाताने दाखले दिले जातात, अशी मालकांची तक्रार योजनेच्या आरंभापासून होती. योजनेच्या पुनर्विलोकनासाठी १९६३ मध्ये नेमलेल्या समितीनेही या प्रश्नाची दखल घेतली. खोट्या दाखल्यांची उदाहरणे नव्हती असे नाही. परंतु त्यांवरचा उपाय म्हणून वैद्यकीय निर्णेत्यांकडून फेरतपासणीची जी पद्धत आली, तिचा भार खोट्या आजाऱ्यापेक्षा खऱ्या आजाऱ्यावर अधिक पडला. कारण फेरतपासणीस हजर राहणे धडधाकट माणसाला सोपे आणि आजाऱ्याला कष्टाचे असते.

अधिनियमाच्या चौसष्टाव्या कलमाने लाभधारकावर काही बंधने घातली होती. त्याने नेमून दिलेल्या दवाखान्यातच उपचार घेतले पाहिजेत, बरे होण्यास विलंब लागेल असे काही करता कामा नये, बोलावणे आल्यास तपासणी करून घेतली पाहिजे आणि परवानगीवाचून उपचाराचे क्षेत्र सोडून जाता कामा नये. यांतील अखेरची अट मुंबईच्या कामगाराच्या अंगवळणी पडणे कठीण होते. खोलीत दहा-बारा गाळेकऱ्यांबरोबर राहणारा माणूस तापाने फणफणला, की त्याची शुश्रूषा करणारे माणूस गावीच असे. गावाकडच्या डॉक्टरचा दाखला पुरावा म्हणून ग्राह्य धरण्याची मुभा महामंडळास होती. परंतु तो हक्क नव्हता, अधिकाऱ्याच्या समाधानाचा प्रश्न होता. याउलट दोन तरतुदी कामगाराच्या विशेष उपयोगी पडल्या. आजार-लाभ घेत असलेल्या कामगारास त्या काळात कामावरून काढून टाकण्यास कायद्याने मनाई होती. आणि लाभाच्या रकमेवर कर्जापोटी जप्ती आणता येत नसे. सावकारीच्या पूर्वेतिहासाकडे पाहता, दुसऱ्या तरतुदीचे महत्त्व तिच्या दोन ओळींच्या मानाने फार मोठे होय.

आजार-लाभाची पात्रता अंशदानावर अवलंबून होती. प्रारंभीच्या काळात अंशदानाची तिकिटे कामगाराच्या कार्डावर चिकटविली जात. नंतरच्या नियमांनुसार सहा महिन्यांच्या अंशदान-कालात किमान ७८ दिवसांचे अंशदान असावे लागे, आणि त्याचे फळ तीन महिन्यांच्या अंतराने येणाऱ्या लाभ-कालात मिळे. कायम कामगाराला ही अट जाणवतही नसे. बदली कामगाराची गोष्ट वेगळी होती. रोज सकाळी गिरणीच्या दरवाजाशी उभे राहून, कोणाचा खाडा झाला तर त्याच्या जागी काम मिळविणाऱ्या या माणसाचे दिवस भरतीलच याची खात्री नसे. ज्याचे काम अनिश्चित त्याचाच विमाही अनिश्चित, असा हा प्रकार होता. कामावरील अपघाताच्या बाबतीत मात्र अंशदानाची अशी कोणतीही पूर्वअट नव्हती. पहिल्या दिवशी जखमी झालेल्या कामगारासही अपंगत्व-लाभ मिळे.

दीर्घकालीन आजारासाठी ९१ दिवस अपुरे आहेत, हे क्षयरोगाने प्रथम दाखवून दिले. त्यामुळे वाढीव आजार-लाभाची योजना आखण्यात आली. तीत क्षय, कुष्ठरोग, कर्करोग, पक्षाघात इ. रोगांचा समावेश करण्यात आला. पुढे ही सूची ३४ रोगांपर्यंत गेली व तीत एड्सही आला. हा लाभ मजुरीच्या ८० टक्के असून तो जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत मिळण्याची सोय झाली. त्यासाठी दोन वर्षांची सलग विमापात्र नोकरी व चार अंशदान-कालांत मिळून किमान १५६ दिवसांचे अंशदान ही अट होती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी कर्करोग झालेल्या तरुण कामगारास म्हणूनच हा लाभ मिळत नसे. दोन वर्षे उलटूनही जो बरा झाला नाही, त्याच्यासाठी १९४८ च्या योजनेत तरतूद नव्हती, कारण कामाशी संबंध नसलेल्या कायम अपंगत्वाचा विमा तीत अंतर्भूतच केलेला नव्हता. ही उणीव काही अंशी १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेने भरून काढली. नोकरीत असताना कायमचे व संपूर्ण अपंगत्व आल्यास, एक महिन्याचे अंशदान भरलेल्या सदस्यासही तीनुसार निवृत्तिवेतन मिळू शकते. मात्र त्यासाठी वैद्यकीय मंडळापुढे तपासणी आवश्यक असते.

पुराव्याचा प्रश्न : अपघातजन्य अपंगत्वाचे टक्के वैद्यकीय मंडळ ठरविते. त्याविरुद्ध वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे व कर्मचारी विमा न्यायालयाकडे दाद मागता येते. तुटलेल्या बोटाविषयी मंडळात व कामगारात फारसा मतभेद होत नाही. खरी कसोटी लागते, ती फुप्फुसाच्या रोगांत. कापूस पिंजण्याच्या व कार्डिंगच्या खात्यात उडणाऱ्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा रोग याचे उत्तम उदाहरण होय. साप्ताहिक सुटीनंतर कामावर परतल्याच्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे, हे त्याचे आरंभीचे लक्षण. काही वर्षांनी ही घुसमट सर्व दिवस जाणवू लागते, आणि रोग जुना झाल्यावर तो श्वासनलिकेच्या सामान्य जीर्ण दाहापासून ओळखू येत नाही. सिलिकोसिसप्रमाणे क्ष-किरण छायाचित्रात त्याची विशिष्ट खूण उमटत नाही. रोग्याने पूर्वी काय सोसले, हे त्याच्या सांगण्यावरूनच ठरवावे लागते, आणि दाव्याच्या कामी रोग्याचे सांगणे हाच सर्वांत कमी वजनाचा पुरावा मानला जातो. विडी ओढण्याची सवय असेल, तर रोगाचे खापर विडीवर फुटते. ब्रिटनमध्ये कापूस कामगारांना या रोगाबद्दल भरपाई देण्याची व्यवस्था १९४१ पासून होती. भारतात तो व्यवसायजन्य रोगांच्या परिशिष्टात बराच नंतर आला. आणि परिशिष्टात नाव येणे व पदरात लाभ पडणे यांतील अंतर कापड कामगारांच्या एका पिढीला ओलांडता आले नाही.

ॲस्बेस्टॉसच्या धुळीने होणाऱ्या रोगांत कालावधीची आणखी एक अडचण येते. संपर्क आणि लक्षणे यांमध्ये दोन-तीन दशके जाऊ शकतात. तोवर कामगार निवृत्त झालेला असतो, कारखाना बंद पडलेला असतो आणि कागदपत्रे नाहीशी झालेली असतात. कंझ्यूमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर या संस्थेने केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी दिलेला निर्णय या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे न्यायालयाने मान्य केले. त्याचबरोबर प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या प्रारंभापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जो काल नंतर संपेल तोपर्यंत, जपून ठेवण्याचा आदेश त्याने दिला. निर्णयातील तत्त्वचर्चेपेक्षा हा साधा आदेशच आजारी माणसाच्या अधिक उपयोगाचा आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

कामाशी असलेला संबंध सिद्ध करणे किती कष्टाचे असते, हे केरळमधील एका प्रकरणावरून कळून येते. जून १९७१ मध्ये तेथील एक कामगार दुपारी साडेचारच्या पाळीसाठी सायकलवरून निघाला असता, कारखान्यापासून सु. एक किमी. अंतरावर सव्वाचारच्या सुमारास त्याला ट्रकची धडक बसली. तो ट्रक त्याच्याच मालकाचा होता. त्याच्या गळपट्टीचे हाड मोडले व बारा दिवस रुग्णालयात राहावे लागले. विमा न्यायालय व उच्च न्यायालय यांनी त्याचा दावा मान्य केला. महामंडळाने सर्वोच्च न्यायालयात अपील केले. तेथे १९९२ मध्ये दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला, आणि अखेर सप्टेंबर १९९६ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने, कामावर जाताना रस्त्यात झालेला अपघात हा नोकरीच्या ओघातील नव्हे, असा निर्णय दिला. बारा दिवसांच्या रुग्णालयवासाचा वाद पंचवीस वर्षे चालला. पुढे संसदेने २०१० च्या दुरुस्तीने कलम ५१ ई घालून, घर व कामाचे ठिकाण यांमधील प्रवासात झालेला अपघातही, त्याचा नोकरीशी संबंध प्रस्थापित झाल्यास, लाभास पात्र ठरविला.

विमाकक्षेबाहेरील रुग्ण : हे सर्व कायदे संघटित क्षेत्रापुरते होते. शेतमजूर, घरकाम करणाऱ्या स्त्रिया, हातगाडीवाले, खाणी व दगडफोडीवरील मजूर यांना अंशदान भरण्यास मालकच नव्हता, किंवा असून त्याने त्यांची नोंद ठेवलेली नव्हती. गुजरातमधील गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत काम करून सिलिकोसिसने मृत्यू पावलेल्या मध्य प्रदेशातील २३८ आदिवासी मजुरांच्या वारसांस प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला. यांतील अनेकांचे निदान आरंभी क्षय असेच झाले होते. क्षय मानल्यास रोग्याच्या वाट्यास औषध येते, सिलिकोसिस मानल्यास भरपाईचा हक्क येतो. त्यामुळे निदान ही केवळ वैद्यकीय बाब राहत नाही. राजस्थानने २०१९ मध्ये सिलिकोसिस व तत्सम रोगांविषयी स्वतंत्र धोरण जाहीर केले. रोगाचे प्रमाणपत्र मिळताच साहाय्य द्यावे व मालकाचा शोध नंतर घ्यावा, हा त्यातील क्रम उचित आहे.

महाराष्ट्रात १९८० मध्ये सुरू झालेली संजय गांधी निराधार अनुदान योजना या प्रश्नाकडे निराळ्या बाजूने पाहते. विमा नव्हे, तर निराधारपणा हा तिचा आधार आहे. अंध व अपंग व्यक्ती, निराधार विधवा इत्यादींबरोबरच क्षय, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग यांसारख्या दुर्धर आजारांमुळे स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्या स्त्री-पुरुषांचा तीत समावेश आहे. अर्ज तहसील कार्यालयात करावयाचा असतो. त्यासोबत रहिवासाचा, उत्पन्नाचा व आजाराचा दाखला जोडावा लागतो. आजाराचा दाखला जिल्हा शल्यचिकित्सक किंवा शासकीय रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक यांच्याकडून घ्यावा लागतो. हे तीन दाखले तीन कार्यालयांतून मिळतात. डोंगराळ तालुक्यातील कर्करोगाच्या रुग्णास त्यांपैकी एकेकाकरिता एस. टी.चा एकेक दिवसाचा प्रवास घडतो आणि बहुधा बरोबर एक माणूस न्यावे लागते. म्हणजे घरातील दुसरी मजुरीही बुडते. या योजनेचे मासिक अर्थसाहाय्य २०१९ मध्ये १,००० रुपये व २०२३ मध्ये १,५०० रुपये करण्यात आले. उत्पन्नमर्यादा दीर्घ काळ वार्षिक २१,००० रुपये एवढीच राहिल्याने, आजारापूर्वी बरे कमावणाऱ्या कुटुंबास खर्चाने पुरते खचेपर्यंत या योजनेचे दार उघडत नसे.

केंद्र शासनाच्या १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने अंधत्व, क्षीण दृष्टी, बरा झालेला कुष्ठरोग, श्रवणदोष, अस्थिव्यंग, मतिमंदत्व व मानसिक आजार हे सात प्रकार मान्य केले व ४० टक्के ही किमान मर्यादा घातली. दृश्य व स्थिर व्यंगांचा हा कायदा होता. दिसत नसलेल्या व कमीजास्त होणाऱ्या आजारांना त्यात स्थान नव्हते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ही संख्या २१ वर नेली. तीत थॅलसीमिया, हीमोफिलिया व सिकल सेल हे रक्तविकार, तसेच कंपवात, बहुविध काठिण्य व स्नायु-अपपुष्टी यांचा समावेश झाला. मूत्रपिंडांचा निकामीपणा व कर्करोग यांना मात्र या सूचीत स्वतंत्र स्थान मिळाले नाही. कर्करोगामुळे पाय काढावा लागला, तर तो रुग्ण अस्थिव्यंगाच्या सदरात येतो; न काढता तो अंथरुणाला खिळला, तर त्याला या अधिनियमाखाली जागा शोधावी लागते.

सिकल सेल रोगाचा समावेश महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर इ. जिल्हे आणि उत्तरेकडील नंदुरबार या भागांत, विशेषतः आदिवासी व काही अनुसूचित जातींत, हा आनुवंशिक रोग आढळतो. त्यातील वेदनांचे झटके अचानक येतात, काही दिवस टिकतात व ओसरतात. तपासणीच्या दिवशी रुग्ण बहुधा चालत येतो, कारण झटका चालू असता तो जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचूच शकत नाही. तेव्हा त्या दिवसाच्या प्रकृतीवरून टक्केवारी ठरविली, तर ती खऱ्या असमर्थतेपेक्षा कमी निघते. म्हणून रुग्णालयात दाखल झाल्याची, रक्त दिल्याची व झटक्यांची पूर्वीची कागदपत्रे मूल्यांकनात निर्णायक ठरतात, आणि ती गावातील प्राथमिक आरोग्य केंद्रात नोंदविली गेली असली तरच उपलब्ध होतात.

कर्मचारी राज्य विमा अधिनियम व १९२३ चा भरपाई अधिनियम हे दोन्ही सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट करण्यात आले, आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आणली गेली. असंघटित कामगार, तसेच ॲपवरून काम मिळविणारे वाहनचालक व घरपोच सेवा देणारे कामगार यांच्यासाठी योजना आखण्याचा अधिकार तिने शासनास दिला आहे. आजारी पडल्यास या कामगारांनी दाखला कोणाकडे द्यावयाचा व मजुरी कोणत्या हिशोबाने धरावयाची, हे या योजनांवरून ठरावयाचे आहे.